देशकरांची हनुवटी

बोरगाव मेघे, वर्धा
रविवार, २ मार्च २०२५

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. वाकून करायचा नमस्कार माझ्याकडे अजून शिल्लक आहे, तो प्रत्यक्ष भेटीतच करीन.

आम्ही तिघंही बरे आहोत. उन्हं आत्तापासूनच तापायला लागली, म्हणून कूलर खाली काढून धुवून ठेवला. देवेंद्र यांची वीज कंपनीतली नोकरी ठीक चालली आहे. वल्लरी चौथीत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? दिवाळीला फोन केला तेव्हा तुम्ही "बरं आहे, बरं आहे" म्हणालात आणि ठेवून दिलात. दरवर्षी तसंच होतं. मी दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांची पाकिटं तोलते. म्हटलं, आपणही एक टाकून पाहावं. पत्र निदान शेवटपर्यंत बोलू देतं.

आधी कामाचं लिहिते. वल्लरीच्या दातांचे उपचार चालू आहेत आणि तिच्या डॉक्टरांना तुमच्याकडून काही माहिती हवी आहे. तुमच्या जबड्याची.

हे वाचून तुम्ही पत्र घडी करून ठेवू नका, बाबा. जे झालं ते क्रमाने सांगते.

डिसेंबरात आम्ही तिला इथल्या डेंटल कॉलेजात दाखवलं. तिचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. पेरू समोरून तोडता येत नाही, बाजूच्या दाढांनी कुरतडून खाते. वर्षभरात हनुवटीही पुढे दिसायला लागली होती. वर्गातली पोरं तिला "जेसीबी" म्हणायची. ते मला पुष्कळ उशिरा कळलं, कारण ती घरी येऊन काही सांगणारी मुलगी नाही.

डॉक्टर आकांक्षा वयाने लहान आहेत, पण घाई करत नाहीत. त्यांनी तपासलं आणि पहिलंच विचारलं, घरात आणखी कोणाची अशी ठेवण आहे का? वडील, आजोबा, काका, आत्या?

मला तुम्ही आठवलात. लग्नात तुम्ही अक्षता टाकायला पुढे आलात, तेव्हा एकदाच तुमचा चेहरा मी जवळून पाहिला. तो विसरण्यासारखा नाही. मी देवेंद्रकडे पाहिलं. ते म्हणाले, "नाही. कोणाचीच नाही." इतक्या ठामपणे म्हणाले, की मी तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाले, म्हाताऱ्या माणसांचे दात गेले की हनुवटी पुढे येतेच.

घरात कोणाची नाही म्हटल्यावर डॉक्टरांना दुसरीकडे शोधावं लागलं. अंगठा चोखायची का, तोंडाने श्वास घेते का, टॉन्सिल आहेत का, जबडा पुढे काढून बसायची सवय आहे का. वल्लरी खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. त्यात घरी आल्यावर शेजारच्या सुलोचनाबाई येऊन म्हणाल्या, "पोरगी तोंड पुढे काढूनच बोलते, मग होणार नाई तं काय." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण नऊ वर्षांच्या मुलीने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला.

जानेवारीच्या सुरुवातीला एका सकाळी मी तिला उठवायला गेले. तिने माझी जुनी ओढणी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर घट्ट गाठ मारली होती. गालांवर वळ उठले होते. मी विचारलं, हे काय? तर शांतपणे म्हणाली, "मी झोपेत जबडा पुढे काढत असेन. बांधून ठेवला की वाढणार नाही." पुष्कळ दिवसांपासून ती हे करत होती. मी उठायच्या आत रोज सोडून ठेवायची, त्या दिवशी तिची झोप लांबली.

देवेंद्र दारात उभे होते, तोंडात ब्रश तसाच. ते आत आले, तिच्याजवळ खाली बसले आणि गाठ सोडायला लागले. गाठ लवकर सुटेना. सोडता सोडताच बोलले.

"वल्ली, तू काही केलं नाहीस. हे माझ्याकडून आलंय. माझी हनुवटी तुझ्यासारखीच होती, तुझ्याहून मोठी. मी नागपूरला ऑपरेशन करून मागे घेतली. आणि मला ती माझ्या बाबांकडून आली होती."

वल्लरीने थोडा विचार केला. मग विचारलं, "मग आजोबांनी काय केलं?"

"काही नाही. ते ती हनुवटी घेऊन मैदानात उभे राहतात आणि माईकवर बोलतात. सगळं पुलगाव ऐकतं."

बाबा, हे मलाही त्या सकाळीच कळलं. देवेंद्र यांच्या खालच्या ओठाला एका बाजूने स्पर्श नीट समजत नाही. वरणाचा थेंब लागला तरी कळत नाही, मी खुणेने सांगते. मला त्यांनी सांगितलं होतं, लग्नाआधी स्कूटरवरून पडलो होतो. इतकी वर्षं मी तेच खरं मानलं. मला राग आला, नाही असं नाही. काही दिवस जेवायला वाढण्यापुरतंच बोलले. मग हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. आई लहानपणीच गेल्यावर तुम्ही डेपोतली नोकरी सांभाळून त्यांना कसं वाढवलंत, इथपासून. बाविसाव्या वर्षी मित्राच्या खोलीवर राहून, तुम्हाला न सांगता ऑपरेशन करून ते पुलगावला परत आले, तेव्हा तुम्ही फाटकात काय म्हणालात, तेही सांगितलं. ते वाक्य मी इथे लिहीत नाही. तुमच्या लक्षात असेलच.

पुढच्या तारखेला आम्ही पुन्हा कॉलेजात गेलो. आत गेल्या गेल्या देवेंद्र डॉक्टरांना म्हणाले, "मागच्या वेळी मी खोटं सांगितलं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, पण हे फार महत्त्वाचं होतं असं म्हणाल्या. सवयीने दात सरकतात, वाकडे होतात. पण जबड्याची कमान, त्याची लांबी-रुंदी, तो किती आणि कधीपर्यंत वाढणार, हे बरंचसं घराण्यातून येतं. एकाच घरात कोणाला पूर्ण येतं, कोणाला अर्धं, कोणाला अजिबात नाही. आणि घराण्यातलं असेल तर खालचा जबडा सतरा-अठरापर्यंत वाढत राहू शकतो. तेव्हा आत्ताच वरचा जबडा पुढे ओढायला सुरुवात केली पाहिजे. हाडं कोवळी आहेत तोवरच तो ऐकतो. पुढे गरज पडलीच, तर मोठी झाल्यावर ऑपरेशनचं पाहता येईल, आणि ते त्या वेळी तिचं तिने ठरवायचं.

मग डॉक्टरांनी वल्लरीच्या दातांचे साचे घेतले. तिला तो लगदा तोंडात धरवेना, उमासे यायला लागले. देवेंद्र म्हणाले, आधी माझा घ्या. बेचाळीस वर्षांचा माणूस, गळ्याला लहान मुलांचं लाळेरं बांधून खुर्चीत बसला आणि तोंड भरलेलं असताना पोरीकडे बघून भुवया उडवत राहिला. मी बाजूला उभी होते. त्यांनी जे लपवलं होतं त्याचा राग मनात होताच, पण त्या क्षणी हा माझा नवरा आहे याचा मला फार अभिमान वाटला.

प्लास्टरचे साचे तयार झाल्यावर डॉक्टरांनी दोघांचे शेजारी शेजारी ठेवले. ऑपरेशनने जबडा मागे गेला होता, पण दातांची कमान तीच. पुढे रुंद, चौकोनी, दाढांकडे जाताना सरळ. एक मोठी, एक लहान. वल्लरीने दोन्हींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सेम आहे." मग विचारलं, आजोबांची कशी असेल?

त्यानंतर हा प्रश्न घरातून गेलाच नाही.

आता जे इतका वेळ लिहायचं टाळत होते ते लिहिते. जानेवारीत नाचणगावला कबड्डीचे सामने होते, शेवटच्या दिवशी तुम्ही माईकवर होता. त्या दिवशी मी आणि वल्लरी तिथे होतो. देवेंद्रना सांगून आलो होतो, ते आले नाहीत. तुम्ही कोणते, ते मी तिला दाखवलं नव्हतं. गर्दीतून पुढे जाऊन ती स्वतःच थांबली आणि मला म्हणाली, "आई, ते आहेत." मग दोरीपाशी जाऊन उभी राहिली, मान वर करून, हनुवटी पुढे काढून. तशी ती कधी उभी राहत नाही. फोटोत नेहमी हात तोंडावर असतो तिचा.

तुम्ही बोलता बोलता तिच्याकडे पाहिलंत. चढाई चालू होती आणि माईक गप्प झाला. मग मी घाबरले. तुम्ही सगळ्यांसमोर काही बोललात तर, किंवा काहीच न बोलता तोंड फिरवलंत तर, तिला काय सांगू? मी तिचा हात धरून स्टँडकडे निघाले. येताना ती सारखी मागे वळून पाहत होती. बसमध्ये बसल्यावर मात्र खूश होती. म्हणाली, "माईक नसता तरी ऐकू आलं असतं."

फेब्रुवारीपासून तिला ते यंत्र बसवलं आहे. तोंडात टाळूला एक स्क्रू, तो मी किल्लीने फिरवते. कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारी एक दांडी, आणि त्यातून आत जाणारे रबर. ते घरी असताना आणि झोपताना लावायचं, शाळेत न्यायची गरज नाही. पण परवा विज्ञान दिनाला ती ते लावून शाळेत गेली. मी नको म्हणत होते. देवेंद्र म्हणाले, जाऊ दे.

तिच्या बाईंनी नंतर पोस्टात येऊन मला सांगितलं. टेबलावर दोन्ही साचे मांडून तिने भाषण केलं. "हे माझे दात. हे माझ्या बाबांचे. आमच्या घरात ही ठेवण पिढ्यांपासून आहे. ही माझी चूक नाही आणि हा आजार नाही. डॉक्टर माझा वरचा जबडा पुढे आणत आहेत, कारण मला पेरू खायचा आहे." जेसीबी म्हणणाऱ्या पोराने हात वर करून विचारलं, साचा हातात घेऊ का? तिने दिला, आणि पाडू नकोस असं बजावलं. शेवटी म्हणाली, "आजोबांचा साचा अजून यायचा आहे." हे तिने कोणालाही न विचारता सांगून टाकलं.

तेव्हा बाबा, डॉक्टरांचे प्रश्न असे. तुमचा जबडा कितव्या वर्षी वाढायला लागला आणि कधी थांबला? तुमच्या वडिलांचा कसा होता? भावंडांत कोणाला आहे? दात असतील तितके चालतील, साचा घेता आला तर उत्तम. पुढची तारीख सोमवारी, १० मार्चला आहे, सकाळी.

एक गोष्ट मला माझ्याकडून सांगायची आहे. आम्ही जे करतोय ते तुमचा चेहरा तिच्यावरून पुसून टाकायला नाही. पुसून टाकायचा असता तर तिने तो दोरीपाशी उभं राहून मिरवला नसता.

पत्र देवेंद्रना वाचून दाखवलं. पाकीट मागून घेतलं आणि पत्ता त्यांनी लिहिला.

तुमच्या घरात अजून पाऊल न टाकलेली, पण तुमचीच सून,
मीरा


पुलगाव
गुरुवार, ६ मार्च २०२५

चि. मीरा,

तुले, वल्लरीले आशीर्वाद. पत्र काल भेटलं. मी बोलतो तसाच लिहून राह्यलो, शुद्धलेखन तू पोस्टात तपासून घे. पाकिटावरचं अक्षर पाहून मी अंगणातच बसलो. पोस्टमननं विचारलं, काही वाईट बातमी का? मी म्हटलं, नाई, पोराचं अक्षर आहे.

डॉक्टरीनबाईच्या प्रश्नाचे उत्तरं आधी देतो. माझा जबडा तेराव्या वर्षी पुढं याले लागला अन् विसाव्यापर्यंत येतच राह्यला. माझ्या वडिलाचा, म्हणजे भैय्याजीचा, माझ्याहून मोठा होता. त्यायले पानाचा विडा पुढच्या दातानं तोडता येत नव्हता, हे मले आता तुझ्या पत्रावरून समजलं. आमाले वाटे, दाढेनं तोडाची त्यायची सवय. माझ्या बहिणीले, कांताले, थोडा होता. तिचा पोरगा योगेंद्र, त्याले काहीच नाई. त्याच्या पोरीले मात्र आहे. तिलेही डॉक्टरले दाखवा म्हणून मी काल फोन केला. खालचे माझे सगळे दात शाबूत आहेत. वरचे चार गेले.

तुले वाटलं मी सगळ्यायसमोर तोंड फिरवीन. त्या दिवशी पोरगी दोरीपाशी आली तेव्हा मले वाटलं भैय्याजी लहान होऊन आले. पंचानं येऊन खांद्यावर हात ठेवला. नंतर लोकं म्हणत होते, बंडोपंत म्हातारे झाले, माईक दुसऱ्याले द्या. मी त्यायले काही सांगलं नाई. सामना संपल्यावर स्टँडपर्यंत गेलतो. बस निघून गेलती.

माईक माझ्या हाती कसा आला ते मी कोणाले सांगलं नाई, तुले सांगतो. शाळेत मलेही पोरं नाव ठेवत. तेव्हा जेसीबी नव्हते, मले नांगर म्हणत. मी ठरवलं, हे हसायच्या आत आपणच मोठ्यानं बोलाचं. तेव्हापासून बोलूनच राह्यलो. पुढं लोकं म्हणाले लागले, देशकर येण्याआधी त्याची हनुवटी येते. मले ते आवडे. देवेंद्रची पुढं येऊ लागली तं मी डेपोत पेढे वाटले. तो त्या दिवशी जेवला नाई. मले वाटलं पोट दुखत असन.

तू जे वाक्य लिहिलं नाई ते मी लिहितो. मी म्हटलं होतं, माझा पोरगा नागपूरले गेलता, हा कोण आला. असं म्हटलं होतं. तोंड सुजलेलं होतं त्याचं, बोलता येत नव्हतं. तो तसाच मागं फिरला.

वल्लरीले सांगजो, शाळेत तिनं जे कबूल केलं ते आता माझ्यावर आहे. देशकराच्या पोरीचा शब्द खाली पडाचा नाई. सोमवारी सकाळच्या गाडीनं वर्ध्याले येतो. साचा घेऊ दे, एक्सरे काढू दे, काय काढाचं ते काढू दे. ते यंत्र लावून ती मले घ्याले आली तं मले आवडन. स्टेशनवर सगळ्याले दिसू दे. मी तिच्यासंगं चालीन.

आता एक गोष्ट. काल तुझं पत्र वाचल्यापासून माझ्या डोक्यात हेच चालू आहे. इथल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरले जाऊन विचारलं, असं ऑपरेशन झाल्यावर माणूस खाते काय? तो म्हणाला, जबडा बांधून ठेवतात, दीड-दोन महिने चावता येत नाई, पातळच घ्यावं लागते, वरणाचं पाणी, पेज, तेही कोणी हळूहळू पाजलं तं. आई नव्हती त्याले. लहानपणी ताप आला तरी माझ्याच हातानं पेज घेई, दुसऱ्या कोणाच्या हातानं तोंड उघडत नसे.

ते दोन महिने त्याले कोणी पाजलं, मीरा? त्याले विचारून ठेवजो.

नाई, तू नको विचारू. मी येतो अन् मीच विचारतो.

देवेंद्रचा बाबा,
बंडोपंत